प्रवाशाची पत आणि तिचे मोल : हुंडणावळ, वर्गणी व वार्षिक शुल्क

प्रवासास निघालेल्या मनुष्यापुढे द्रव्याचा प्रश्न नेहमी दोन बाजूंनी उभा राहतो. पैसा जवळ बाळगावा, तर तो वाटेत लुटला जाण्याचे अथवा हरवण्याचे भय. न बाळगावा, तर परक्या गावी आपली ओळख पटवून घेऊन आपणांस उधार कोण देणार, ही विवंचना. या पेचातून प्रवाशाची सुटका करण्याचा व्यवसाय ज्यांनी ज्यांनी केला, त्यांनी त्याबद्दल काही ना काही मोबदला घेतला. आणि तो मोबदला देणे किफायतशीर आहे किंवा कसे, हा प्रश्न प्रवासी तेव्हापासून विचारीत आला आहे. आज हाच प्रश्न वर्षाला शेकडो डॉलर अथवा हजारो रुपये शुल्क आकारणाऱ्या उंची प्रवासी क्रेडिट कार्डांच्या संबंधात विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा सवलतींची यादी करून व तिची बेरीज मांडून दिले जाते. ही बेरीज मांडण्यापूर्वी प्रस्तुत शुल्क हे नेमके कशाचे मोल आहे, हे ठरविले पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या मोबदल्याचा इतिहास पाहिला असता त्याचा अर्थ तीनदा बदललेला दिसतो. प्रथम तो जोखमीचा मोबदला होता. नंतर तो एका मंडळाच्या सभासदत्वाची वर्गणी झाला. आणि शेवटी अनेक वस्तूंच्या एकत्र बांधलेल्या गाठोड्याची आगाऊ दिलेली किंमत झाला. प्रत्येक अर्थाचा हिशेब निराळा आहे. आजचा ग्राहक तिसऱ्या प्रकारचे मोल देतो आणि हिशेब मात्र पहिल्या दोहोंच्या रीतीने करतो. त्याची फसगत होते ती येथेच.

१. हुंडणावळ

आपल्या देशात या व्यवसायाचे जुने व सुपरिचित साधन म्हणजे हुंडी. एका गावच्या सावकाराकडे रक्कम भरावयाची, त्याची चिठ्ठी घ्यावयाची आणि दुसऱ्या गावी त्याच्या आडत्याकडून ती वटवून रोकड मिळवावयाची, असा हा व्यवहार होता. व्यापारी तिचा उपयोग करीतच. परंतु दूरच्या यात्रेस निघालेल्या यात्रेकरूंनाही तिचा आधार असे. दाखविताच पटणारी ती दर्शनी हुंडी व ठरलेल्या दिवसांनी पटणारी ती मुदती हुंडी. प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्याच हाती रक्कम पडावी, अशी अट घातलेली ती शहाजोग हुंडी. मूळ हुंडी हरवली तर पेठ व तीही हरवली तर परपेठ मिळे. म्हणजे कागद नाहीसा झाला, तरी त्यावरील हक्क नाहीसा होत नसे, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या सेवेचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. सतराव्या शतकात भारतात वारंवार येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे दर नमूद करून ठेविले आहेत. बऱ्हाणपुराहून शेकडा अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, बनारसहून सहा आणि ढाक्याहून दहा, असे ते दर होते. आपल्याच मुलखातून माल गेला पाहिजे, असा वाटेवरील राजांनी आग्रह धरून वाहतुकीस अडथळा केला, म्हणजे हे दर एक-दोन टक्क्यांनी चढत, असेही तो सांगतो. या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक तर हुंडणावळ ही अंतर, मुदत व वाटेवरील धोका यांच्या प्रमाणात कमीअधिक होई. दुसरे असे की, ती द्यावी किंवा न द्यावी, याचा निर्णय प्रवाशाला स्वतःच्या ज्ञानावर करता येई. रोकड बरोबर न्यावयाची, तर राखणदारांचा खर्च किती व लुटीचे भय किती, हे त्याला सावकाराइतकेच ठाऊक असे. मोबदला आणि त्याबद्दल मिळणारी वस्तू या दोहोंचे माप एकच होते.

युरोपात हेच कार्य अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील पत्रांनी होऊ लागले. लंडनमधील रॉबर्ट हेरीस या सराफाच्या पेढीने १७७२ सालापासून युरोपातील सुमारे नव्वद शहरांत वटणारी पत्रे प्रवाशांस देण्यास प्रारंभ केला. पुढे सहलींचा व्यवसाय करणाऱ्या टॉमस कुक यांच्या पेढीने १८७४ साली आपली फिरती पत्रे काढली. १८९१ साली अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने ट्रॅव्हलर्स चेक प्रचारात आणला. कंपनीचे अध्यक्ष जे. सी. फार्गो यांना युरोपच्या प्रवासात मोठी शहरे सोडून इतरत्र आपले पतपत्र वटविणे दुरापास्त झाले. तेव्हा कंपनीतील मार्सेलस बेरी यांनी दोन सह्यांची युक्ती शोधून काढली. चेक विकत घेताना एक सही व वटविताना दुसरी; दोहोंचा मेळ बसला की ओळख पटली. हरवलेल्या चेकांची भरपाई मिळे. पुढे या सेवेचा दर साधारणतः शेकडा एक, असा रूढ झाला.

हा दर हुंडणावळीच्या मानाने फारच अल्प दिसतो. परंतु त्यात एक नवी गोष्ट होती. चेक विकला गेल्यापासून तो वटेपर्यंत प्रवाशाची रक्कम कंपनीकडे बिनव्याजी पडून राही, आणि तिच्या गुंतवणुकीचे उत्पन्न कंपनीला मिळे. प्रवाशाला जो मोबदला दिसत होता त्याखेरीज जो दिसत नव्हता, असा दुसरा मोबदला येथे जन्मास आला. पुढील सर्व इतिहासाचे बीज या दुसऱ्या मोबदल्यात आहे.

२. वर्गणी

विसाव्या शतकात प्रवाशाने आगाऊ पैसे भरण्याची रीत मागे पडून नंतर पैसे देण्याची रीत आली. अमेरिकेतील विमान कंपन्यांनी १९३६ साली जी संयुक्त प्रवासयोजना सुरू केली, तीत ४२५ डॉलर अनामत ठेवणाऱ्यास उधारीवर तिकिटे मिळत. ही मधली अवस्था होय. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅक्नमारा व राल्फ श्नायडर यांनी डायनर्स क्लब स्थापन केला; त्यात अनामतही राहिली नाही. सभासदाने उपाहारगृहात पुठ्ठ्याचे कार्ड दाखवावे, सही करावी आणि महिनाअखेर सर्व देयके एकरकमी चुकती करावी, अशी ही व्यवस्था होती. सभासदाकडून आरंभी वर्षाला ३ डॉलर वर्गणी घेतली जाई; उपाहारगृहाच्या मालकाकडून मात्र प्रत्येक देयकावर शेकडा ७ वटाव कापून घेतला जाई.

येथे मोबदल्याच्या स्वरूपात मूलगामी बदल झाला. हुंडणावळ प्रत्येक व्यवहारावर असे. वर्गणी वर्षाची झाली. हुंडणावळ सर्वस्वी प्रवासी देई. आता मोबदल्याचा मोठा भाग दुकानदाराच्या खिशातून येऊ लागला. संस्थेने स्वतःस क्लब म्हणवून घ्यावे, हेही अर्थपूर्ण होते. ज्याला वर्गणी देऊन सभासद होता येते, त्याची पत कोणीतरी पारखलेली आहे, असा त्या नावाचा भावार्थ होता.

१ ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकन एक्स्प्रेसने आपले कार्ड काढले व त्याची वर्गणी ६ डॉलर ठेविली. डायनर्स क्लबची वर्गणी तेव्हा ५ डॉलर होती. प्रतिस्पर्ध्याहून एक डॉलर अधिक आकारण्यात, आपले कार्ड वरच्या पायरीचे आहे, हे सुचविण्याचा हेतू उघड आहे. जिन्नस महाग म्हणून तो उंची, या तर्काचा या क्षेत्रातील हा प्रारंभ म्हणावयास हरकत नाही. याच वर्षी बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी सुमारे साठ हजार कुटुंबांस न मागता कार्डे धाडून दिली. त्यांस वर्गणी नव्हती. मात्र बाकी राहिलेल्या रकमेवर व्याज होते. एकाच वर्षी दोन निराळ्या धंद्यांचा पाया घातला गेला : एक वर्गणी व वटाव यांवर चालणारा, दुसरा व्याज व वटाव यांवर चालणारा.

भारतात डायनर्स क्लबचे आगमन १९६१ साली झाले. त्या काळी परदेशी चलनावर कडक नियंत्रण असल्यामुळे येथील सभासदास परदेशप्रवासात अशा कार्डाचा फारसा उपयोग करता येणे शक्य नव्हते; येथे त्याचा अर्थ मुख्यतः मोठ्या शहरांतील हॉटेले व उपाहारगृहे यांतील प्रतिष्ठा एवढाच राहिला. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली आपले कार्ड काढले. तेव्हापासून बँकांच्या कार्डांचे युग आपल्याकडे सुरू होते.

३. गाठोड्याची किंमत

वर्गणीचे शुल्कात रूपांतर होण्यास अमेरिकेतील तीन घटना कारणीभूत झाल्या. १९८० साली महागाई आवरण्यासाठी अध्यक्ष कार्टर यांनी पतनियंत्रण जारी केले, आणि व्याजावर राज्यांनी घातलेल्या मर्यादांमुळे आधीच तोट्यात आलेल्या अनेक बँकांनी त्या सुमारास आपल्या फुकट कार्डांवर वार्षिक शुल्क बसविले. दुसरी घटना १९७८ सालच्या कायद्याने विमानवाहतूक सरकारी दरनियंत्रणातून मुक्त झाली, ही होय. स्पर्धा वाढली, तेव्हा प्रवासी आपल्याकडेच टिकून राहावा, म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी उडालेल्या मैलांवर बक्षीस देणारी योजना काढली. तिसरी घटना या दोहोंच्या संयोगाने घडली : १९८७ साली सिटीबँकेने त्याच विमान कंपनीच्या जोडीने काढलेल्या कार्डावर, विमानात न बसताही, केवळ खर्च करून मैल मिळू लागले. मैल ही आता विमान कंपनीने बँकेस विकावयाची व बँकेने ग्राहकास वाटावयाची वस्तू झाली. हा व्यापार पुढे इतका वाढला की, २०२० साली साथीमुळे विमाने जमिनीवर राहिली असता युनायटेड एअरलाइन्सने आपली मैलांची योजनाच तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले.

अमेरिकन एक्स्प्रेसने १९८४ साली प्लॅटिनम कार्ड काढले. त्याचे वार्षिक शुल्क २५० डॉलर होते व ते निमंत्रितांसच मिळे. २०१६ साली चेस बँकेने सफायर रिझर्व्ह हे ४५० डॉलर शुल्काचे कार्ड काढले. आरंभीच्या एक लक्ष पॉइंटांच्या बक्षिसामुळे त्यावर इतक्या उड्या पडल्या की, कार्डे बनविण्याचा धातू अपुरा पडला. त्याचे शुल्क २०२० साली ५५० व २०२५ साली ७९५ डॉलर झाले. प्लॅटिनम कार्डाचे शुल्क २०१७ साली ५५०, २०२१ साली ६९५ व २०२५ साली ८९५ डॉलर झाले.

हे आकडे पाहून शुल्क बेसुमार वाढले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु डॉलरच्या घसरत्या मोलाचा विचार केला, तर १९८४ सालचे २५० डॉलर म्हणजे २०२५ सालचे सुमारे पावणेआठशे डॉलर होतात. तेव्हा खरी वाढ दिसते तितकी मोठी नाही. बदल झाला आहे तो शुल्काच्या रकमेत नव्हे, तर त्याबद्दल मिळणाऱ्या वस्तूत. पूर्वीच्या सभासदास पत व मान मिळे. आताच्या ग्राहकास मोटारभाड्याची, हॉटेलची, एखाद्या दुकानाची अशा अनेक सवलतींचे गाठोडे मिळते, आणि त्यांतील पुष्कळ सवलतींना मुदत असते. उदाहरणार्थ, प्लॅटिनम कार्डावरील उबरची वार्षिक २०० डॉलरांची सवलत २०१७ सालापासून दरमहा १५ डॉलर व डिसेंबरात ३५ डॉलर, अशा हप्त्यांनी दिली गेली. ज्या महिन्यात ती वापरली नाही, त्या महिन्याची ती बुडाली. हुंडी हरवली तर पेठ मिळे. येथे हक्क हरवला तर तो कार्ड देणाऱ्याच्या नफ्यात जमा होतो. ट्रॅव्हलर्स चेकाच्या काळी न वटलेल्या रकमेचे व्याज कंपनीस मिळत असे; आज न वापरलेली सवलतच तिच्या उपयोगी पडते. न दिसणारा मोबदला तो हाच.

विमानतळावरील विश्रांतिकक्षांचा इतिहासही असाच आहे. १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर असा पहिला कक्ष निमंत्रितांसाठी उघडला. निवडक लोकांचा निवांतपणा हेच त्याचे मोल होते. कार्डाबरोबर तो हक्क लक्षावधी लोकांस वाटला गेला, तेव्हा तो निवांतपणा ओसरला. गर्दी आवरण्यासाठी अमेरिकन एक्स्प्रेसला २०२३ साली आपल्या सेंच्युरियन कक्षांत सोबतीच्या पाहुण्यास ५० डॉलर आकारणे भाग पडले. वर्षाला ७५ हजार डॉलर खर्च करणाऱ्यासच त्यातून सूट ठेविली. आपल्याकडील बँकांनीही अलीकडे ठरावीक खर्चाच्या अटीवरच हा प्रवेश देण्यास सुरुवात केली आहे.

४. भार कोणावर ?

पॉइंटांचा पैसा येतो कोठून, याचे उत्तर डायनर्स क्लबच्या सात टक्क्यांत मिळते. दुकानदाराच्या वटावातून बँकेस वाटा मिळतो व त्यातील काही भाग ग्राहकास परत केला जातो. याचा पडताळा परदेशांतील कायद्यांवरून घेता येतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ साली हा वाटा सुमारे शेकडा ०.९५ वरून ०.५५ वर आणला. त्यानंतर तेथे कार्डांची शुल्के वाढली व पॉइंट घटले. युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डांसाठी त्यावर शेकडा ०.३ ची मर्यादा घातली. अमेरिकेसारखी घवघवीत बक्षिसे तेथे दिसत नाहीत, त्याचे एक प्रमुख कारण हे होय.

दुकानदार हा वटाव किमतीत मिळवितो, आणि ती किंमत रोख देणाऱ्यासही पडते. १९९१ साली बॉस्टनच्या काही उपाहारगृहचालकांनी अमेरिकन एक्स्प्रेसच्या वटावाविरुद्ध बंड पुकारले, त्याचे मूळ याच भारात होते. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली असा अंदाज मांडला की, अमेरिकेत रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाकडून वर्षाला १४९ डॉलर जातात व कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाकडे १,१३३ डॉलर येतात. कार्डधारकांतही बाकी थकविणारा व्याज भरतो आणि वेळच्या वेळी फेडणारा बक्षीस घेतो. म्हणून हे शुल्क वसूल झाले, असे ज्यास म्हणता येते, त्याची वसुली काही अंशी दुसऱ्याच्या खिशातून झालेली असते. हा दोष एकट्या ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. परंतु हिशेबाच्या प्रश्नास एक नैतिक बाजू आहे, हे विसरून चालणार नाही.

५. हिशेबाची रीत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शुल्क हे गाठोड्याची आगाऊ किंमत आहे, हे एकदा मान्य केले, म्हणजे त्याचा हिशेबही खरेदीसारखाच केला पाहिजे. जी वस्तू कार्ड नसतानाही आपण पदरच्या पैशांनी घेतली असती, तेवढीच पुऱ्या किमतीने जमेस धरावी. जी सवलत आहे म्हणून वापरली जाईल, तिचे मोल छापील किमतीने न धरता आपण स्वतः तिच्यासाठी जे दिले असते, त्या किमतीने धरावे. आणि ही सर्व जमा शून्याशी न ताडता शुल्कावाचून मिळणाऱ्या चांगल्या कार्डाशी ताडून पाहावी.

सफायर रिझर्व्हचे २०१६ सालचे उदाहरण घेऊ. शुल्क ४५० डॉलर; प्रवासखर्चापैकी ३०० डॉलर परत मिळत. प्रवास करणाऱ्यास ही रक्कम रोखीसारखीच असल्यामुळे खरे शुल्क १५० डॉलर राहिले. त्याखेरीज प्रवास व उपाहारगृहे यांवर वर्षाला ८,००० डॉलर खर्च झाला, असे धरू. डॉलरमागे ३ प्रमाणे २४,००० पॉइंट झाले. बँकेच्या प्रवासविभागातून तिकिटे काढल्यास त्यांचे ३६० डॉलर होत. रोख घेतल्यास २४०. त्या काळी शेकडा २ परत करणारे, शुल्क नसलेले कार्ड उपलब्ध होते. त्यावर १६० डॉलर मिळाले असते. म्हणजे उंची कार्डाचा अधिक लाभ पहिल्या पक्षी २०० व दुसऱ्या पक्षी ८० डॉलर. शुल्काचे उरलेले १५० वजा जाता एकास ५० डॉलर फायदा होतो आणि दुसऱ्यास ७० डॉलर तोटा. खर्च तोच, कार्ड तेच. फरक केवळ पॉइंट कसे वापरले, याचा. आणि पॉइंटाचे मोल ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याच्या हाती असतो, घेणाऱ्याच्या नव्हे.

याच ग्राहकाने सालभर १,००० डॉलर बाकी ठेविली, तर अमेरिकेत अलीकडे रूढ असलेल्या शेकडा वीसहून अधिक व्याजाने दोनशेवर डॉलर जातात व सर्व हिशेब कोसळतो. भारतात वार्षिक शुल्कावर शेकडा १८ कर पडतो. १०,००० रुपयांचे शुल्क वस्तुतः ११,८०० रुपयांचे असते, हेही आपल्या वाचकाने मांडून पाहावे. शिवाय हा हिशेब दरसाल नव्याने केला पाहिजे. आरंभीचे बक्षीस एकदाच मिळते, शुल्क मात्र प्रतिवर्षी द्यावे लागते. आणि मधल्या काळात सवलतींच्या अटी बदललेल्या असतात.

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जो वारंवार प्रवास करतो, देयके पूर्णपणे व वेळेवर चुकती करतो आणि मिळणाऱ्या वस्तू ज्याला एरवीही लागल्याच असत्या, अशा मर्यादित वर्गासच हे शुल्क परवडते. इतरांनी दिलेले शुल्क म्हणजे बहुतांशी १९५८ सालच्या त्या जादा डॉलराचाच वाढलेला अवतार होय. ज्यास तो मान मोलाचा वाटतो, त्याने तो खुशाल विकत घ्यावा. मात्र त्यास काटकसर हे नाव देऊ नये. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यास आपण शेकडा अडीच कशाबद्दल देतो, हे पुरते माहीत होते. त्याला जे माहीत होते, तितके आपणांस माहीत झाल्यावाचून शुल्क भरू नये, एवढाच या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष आहे.